चष्मा काढा, डोळे मिटा: नातीकडून शिकलेला हयातीचा दाखला

ऑगस्ट 2024 मध्ये माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीला मी पहिलाच प्रश्न विचारला, "नोव्हेंबरात बँकेच्या पायऱ्या चढता येतील ना?" ती बुचकळ्यात पडली. पेन्शनवाले मात्र पडणार नाहीत. आपण अजून आहोत, हे आम्हाला दरवर्षी नोव्हेंबरात सरकारला कळवावं लागतं. नाही कळवलं तर पुढची पेन्शन थांबते. पैसे बुडत नाहीत, दाखला दिला की थकबाकीसकट मिळतात, पण तोवर जिवंत असूनही कागदावर आपण अधांतरी.

मी 71 वर्षांची. 2013 साली केंद्र सरकारच्या एका हिशेबाच्या कार्यालयातून निवृत्त झाले. नोकरीभर दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शाईने शेरे मारले: ‘आकडा जुळत नाही’, ‘सही अपूर्ण’, ‘त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावे’. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन फॉर्म भरत आले. 2023 ला टोकन घेऊन पावणेतीन तास बसले. खुर्च्या कमी, माणसं जास्त, आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे लोक भिंतीला टेकून उभे. घरी आले तेव्हा गुडघ्याचा नारळ झाला होता.

हा दाखला ऑनलाइन काढायची ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय मला ठाऊक नव्हती असं नाही. ती 10 नोव्हेंबर 2014 ला सुरू झाली, त्याचं कात्रणही माझ्याकडे होतं. पण तेव्हा त्याला बोटांचे ठसे घेणारं यंत्र लागायचं आणि माझे ठसे काही केल्या उमटत नाहीत. नोव्हेंबर 2021 पासून साध्या फोनच्या कॅमेऱ्याने चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली. त्याचंही कात्रण होतं. कात्रणं जमवणं वेगळं आणि फोन हातात घेणं वेगळं.

फोनचं आमच्या घरी असं व्हायचं. लाइटबिल भरायचं असलं, गाडीचं तिकीट काढायचं असलं, की मुलगा आल्यावर मी फोन पुढे करायची. तो म्हणायचा, "दे इकडे." त्याचा अंगठा टपाटप चालायचा आणि दोन मिनिटांत फोन परत. "झालं." कसं झालं, विचारलं तर, "आई, मी आहे ना पुढच्या वेळी." प्रेमानेच म्हणायचा. पण तो राहतो दुसऱ्या गावी आणि मी जिथल्या तिथेच.

सप्टेंबरच्या शेवटी मी स्वतःच्या हुशारीने एक काम केलं आणि ते फुकट गेलं. माझ्या आधारला यजमानांचा मोबाइल नंबर जोडलेला होता. ते गेल्यावर तो बंद झाला. आता दाखल्यासाठी ओटीपी येणार कुठे, म्हणून काठी टेकत आधार केंद्रावर गेले. कागद काही लागले नाहीत, फॉर्म आणि 50 रुपये. तिथेही ठसे उमटेनात, शेवटी डोळ्यांवर भागलं. पावती मिळाली, नंबर आठवडाभराने जोडला गेला. नंतर कळलं की चेहऱ्याने दाखला काढायला आधारशी जोडलेलाच नंबर हवा असं नाही. आपण ॲपमध्ये जो नंबर टाकू त्यावर ओटीपी येतो. नंबर जोडून घेतलेला बाकी ठिकाणी कामाला येतो, त्यामुळे हळहळ नाही. पण केवळ दाखल्यासाठी कुणी ही पायपीट करू नये.

26 ऑक्टोबरला मुलगा, सून आणि नात दिवाळीला आले. नात सतरा वर्षांची, अकरावीत. मुलगा-सून 4 नोव्हेंबरला परतणार होते, ती माझ्या सोबतीला 10 तारखेपर्यंत राहणार होती. मी म्हटलं, "माझा दाखला तेवढा काढून दे जाताना."

"काढून देणार नाही," ती म्हणाली. "शिकवीन."

"अगं, पण पटकन होईल ना तू केलंस तर."

"म्हणूनच." आणि तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मी फोनला हात लावणार नाही. तू करायचं, मी सांगायचं. आणि तुझ्या त्या लाल पेनाने वहीत लिहून ठेवायचं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. जिचे लंगोट मी बदलले ती मला अटी घालतेय!

पहिल्याच दिवशी अडलं. माझ्या फोनची ऐपत नव्हती. चेहऱ्याच्या ॲपला बऱ्यापैकी नवा अँड्रॉइड लागतो, मेमरी पुरेशी लागते, पुढचा कॅमेरा किमान पाच मेगापिक्सेलचा हवा. मुलाचा जुना फोन कपाटात पडून होता, तो चार्ज केला. ॲप दोन घ्यायची असतात, आणि ती प्ले स्टोअरवरूनच. कुणी पाठवलेल्या लिंकवरून अजिबात नाही. एक ‘आधार फेस आरडी’, दुसरं ‘जीवन प्रमाण’. पहिलं घेतलं आणि शोधत बसले, कारण त्याचं चित्र पडद्यावर कुठेच दिसेना. मला वाटलं, फसलं. काढलं, परत घेतलं. पुन्हा तेच. नात हात बांधून बघत होती. शेवटी म्हणाली, "आजी, ते पडद्यामागचं आहे. दुसरं ॲप त्याला हाक मारेल तेव्हाच पुढे येईल." फोनच्या सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत ते दिसतं. मी वहीत लिहिलं: ‘फेस आरडी दिसत नाही. घाबरायचं नाही.’

मग फोनने विचारलं, कॅमेरा वापरू देऊ का? मी ‘नको’ दाबलं. नातीने कारण विचारलं. मी म्हटलं, "अनोळखी माणसाने घरात येऊ का विचारलं तर मी आधी काम विचारते." मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. प्रत्येक वेळी असंच विचारत जा. याचं काम काय, ते सांग बघू." चेहरा बघायचं. मग कॅमेरा द्यायलाच हवा. दिला.

पुढचे तीन-चार दिवस तिने माझ्याकडून फालतू वाटणाऱ्या गोष्टी करून घेतल्या. स्वतःचा फोटो काढ. तो मला पाठव. आलेला ओटीपी वाच, परत जा, दुसऱ्या ठिकाणी टाक. ओटीपी वाचून परत येईपर्यंत माझ्या डोक्यातून निम्मे आकडे गळून जायचे. ती म्हणाली, पाठ करायचेच नाहीत, कागदावर लिही. इतकी साधी युक्ती, पण मुलाने दोन मिनिटांत काम उरकलं असतं तर ती सांगायची वेळच आली नसती.

30 तारखेच्या रात्री मी तिसऱ्यांदा तेच विचारलं, मागच्या पानावर जायचं कसं. तिने पहिल्यांदा सांगितलं होतं त्याच सुरात तिसऱ्यांदा सांगितलं. आणि मीच भडकले. फोन आपटला नाही, पण उलटा ठेवला. "तुम्हाला सोपं आहे गं. जन्मापासून हातात आहे."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला पपांनी गणित शिकवलंय. मी अडले की ते माझ्या हातातून पेन ओढून घ्यायचे आणि स्वतः सोडवायचे. भराभर. शेवटी उत्तराखाली दोन रेघा. मला अजून अपूर्णांकांचे भागाकार येत नाहीत, आजी. दोन रेघा तेवढ्या छान काढता येतात."

मुलगा आतल्या खोलीत झोपला होता. मला 1980 च्या दशकातलं आमचं दोन खोल्यांचं घर आठवलं. ऑफिसातून आलेली मी, पुढ्यात पाटी घेऊन बसलेला तो, आणि त्याच्या हातातून मी ओढून घेतलेली पेन्सिल. उत्तराखाली दोन रेघा मीच मारायची. ती आमच्या ऑफिसातली पद्धत होती, बेरीज पक्की झाल्याची खूण.

मी फोन सुलटा केला. मागच्या पानावर जायचं कसं, हे चौथ्यांदा विचारावं लागलं नाही असं लिहायला आवडलं असतं. लागलं.

ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. माझ्यासारख्यांना 1 नोव्हेंबरपासून. दिवाळी आटोपली, मुलगा-सून गेले, आणि मंगळवारी, 5 नोव्हेंबरला सकाळी दहाला आम्ही बसलो. टेबलावर आधार कार्ड, पेन्शनचं पासबुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा मूळ आदेश. पीपीओ आधीच शोधून ठेवा. माझा बँक लॉकरच्या चावीबरोबर साडीच्या घडीत निघाला, त्यात अर्धा दिवस गेला होता.

ॲप आधी ‘ऑपरेटर’ विचारतं. म्हणजे जो फोन चालवतोय तो. स्वतःचा दाखला स्वतः काढताना आपणच ऑपरेटर आणि आपणच पेन्शनर. त्यामुळे आधार नंबर, मोबाइल, ओटीपी आणि चेहरा हे सगळं दोनदा होतं. मी पहिल्यांदा पुन्हा तेच आल्यावर चुकलं समजून बंद करायला निघाले होते. तसं करू नका.

आता चेहरा. पडद्यावर एक गोल येतो, त्यात तोंड बसवायचं आणि डोळ्यांची उघडझाप करायची. चष्मा काढलेला बरा. इथेच माझी गंमत झाली. चष्मा काढला की मला पडद्यावरची सूचना दिसेना आणि घातला की चेहरा पटेना. मी गोल शोधत फोन नाकाला लावला. नात म्हणाली, "हात लांब कर. अजून. आता मी सांगते तेव्हा मीट." मिटले. जोरात, तोंडात औषध घालताना मुलं मिटतात तसे. नाही झालं. दुसऱ्यांदा मिटून उघडलेच नाहीत. तिसऱ्यांदा झालं काय ते कळलं नाही. चौथ्यांदा तिच्या लक्षात आलं की माझ्या पाठीमागे खिडकी आहे, उजेड सगळा मागून येतोय, तोंड काळं दिसतंय. खुर्ची फिरवली. खिडकी समोर, मागे कोरी भिंत. सावकाश एकदा मिटले, उघडले. गोल हिरवा झाला.

वहीत मोठ्या अक्षरात: ‘उजेड तोंडावर. फोन हातभर लांब. डोळे हळू. चष्मा काढण्याआधी सूचना वाचून घेणे.’

पुढचा फॉर्म मला आवडला. फॉर्म हा शेवटी माझा प्रांत. नाव, पेन्शनचा प्रकार, मंजुरी देणारं खातं, पेन्शन देणारी संस्था, पीपीओ नंबर, खाते क्रमांक. मंजुरी देणाऱ्या खात्यांची यादी लांबलचक असते, अंदाजाने निवडू नये, पीपीओत बघून निवडावी. मग दोन प्रश्न. नातीने ते मान न हलवता वाचले.

"निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी?"

"नाही."

"पुन्हा लग्न?"

"तुझ्या परीक्षा झाल्या की बघू."

पुन्हा चेहरा, आणि सव्वाअकराच्या सुमारास ‘प्रमाण आयडी’, म्हणजे दाखल्याचा नंबर, आला. मेसेजही आला. मी टाळ्या वाजवल्या. तिने अजूनही हात मागेच बांधले होते, मग सोडले आणि मला मिठी मारली. तो आयडी वहीत लिहून ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच चालतं.

10 तारखेला ती गेली. जाताना म्हणाली, "दोन दिवसांनी आयडी टाकून बघ, मंजूर झालाय का ते." मी म्हटलं, आयडी आला म्हणजे झालंच की. तरी 12 तारखेला रात्री बघितलं. नामंजूर.

पासबुक घेऊन बसले आणि आकड्यावर बोट ठेवत गेले. खाते क्रमांकात 69 च्या जागी मी 96 टाकलं होतं. मी! आयुष्यभर दुसऱ्यांची अशी बिलं परत पाठवलेली बाई. मला दरदरून घाम फुटला. मुलाला फोन लावावा की नातीला, यात पाच मिनिटं गेली. मुलाला लावला असता तर तो शनिवारी आला असता आणि दोन मिनिटांत करून गेला असता.

नातीला लावला. ती म्हणाली, "आकडे मी पण वाचून बघायला हवे होते. दोघींची चूक." पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाने हे वाक्य मला म्हटलं नाही. मीही माझ्या हाताखालच्या कुणाला म्हटलेलं आठवत नाही. मग तिने सांगितलं की नामंजूर झाला तर काही बिघडत नाही, बरोबर माहिती भरून नवा काढायचा. "मी व्हिडिओवर थांबू का?" मी नको म्हटलं.

13 ला सकाळी एकटी बसले. खिडकी समोर. आकडे आधी कागदावर चार-चारच्या गटात मोठे लिहिले, टाकल्यावर शेवटाकडून सुरुवातीकडे ताडून बघितले. ही आमची ऑफिसातली जुनी पद्धत, उलटं वाचलं की अदलाबदल पटकन सापडते. नातीला नंतर सांगितली, ती आता परीक्षेत वापरणार आहे. चेहरा दुसऱ्या खेपेला पटला. सगळं मिळून अठरा मिनिटं. 19 तारखेला बघितलं तर मंजूर.

मधे 14 ला एक फोन आला. गोड आवाज, शुद्ध मराठी. "मॅडम, तुमचा हयातीचा दाखला अपडेट करायचाय, पीपीओ नंबर सांगता का, एक ओटीपी येईल." दोनच दिवसांपूर्वी नामंजूर झालेला, त्यामुळे मला क्षणभर खरंच वाटलं. पीपीओचे पहिले तीन आकडे मी बोलूनही गेले. मग वहीतलं पहिलंच पान आठवलं: ‘याचं काम काय?’ फोन ठेवला. नोव्हेंबरात असे फोन फार येतात. दाखला फोनवर बोलून कुणीही अपडेट करत नाही, बँकही नाही.

आणि ज्यांच्याकडे असा फोन नाही, किंवा चेहरा पटतच नाही, त्यांनी पोस्टमनला विचारावं. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे घरी येऊन दाखला काढून देतात, 70 रुपये घेतात. बँकेत जाऊन कागदावर सही करायचा जुना रस्ताही बंद झालेला नाही.

माझा खर्च? आधारचे 50 आणि रिक्षा. 31 डिसेंबरला पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा खरा जीव भांड्यात पडला.

खालच्या मजल्यावरचे काका 84 वर्षांचे आहेत, रेल्वेतून निवृत्त. 22 नोव्हेंबरला त्यांच्या सूनबाईंनी मला बोलावलं, कारण मी स्वतःचा दाखला काढल्याची बातमी जिन्याने खाली गेली होती. एकाच फोनवरून ऑपरेटर होऊन दुसऱ्यांचे दाखले काढता येतात, तेव्हा माझ्या फोनवरून सहज झालं असतं. पण काकांकडे नातवाने दिलेला नवा कोरा फोन होता, पिशवीत गुंडाळून ठेवलेला.

खिडकीसमोर बसवलं. काकांनी चष्मा काढला. बोट थरथरत होतं, आधारचा चौथा आकडा दोनदा उमटला. त्यांनी तो पुसला, तर तिसराही गेला. पुन्हा टाकला, तो भलताच. सूनबाई घड्याळाकडे बघत होत्या. माझा हात आपोआप पुढे गेला, फोनच्या कडेपर्यंत. "द्या इकडे, मी..."

काकांनी लगेच फोन माझ्याकडे सरकवलाही. सुटल्यासारखे झाले बिचारे.

मी तो परत त्यांच्यासमोर सरकवला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. "तिसरा आकडा कुठला आहे काका? कार्डावर बघून सांगा. मला काही घाई नाही."